माझ्या श्राद्धाची खीर

माझ्या श्राद्धाला तांदळाची खीर असते आणि तिच्यात वेलदोडा जरा जास्तच पडतो, ही गोष्ट मला वयाच्या अडतिसाव्या वर्षी, धारला मिशनच्या जनाना दवाखान्याच्या ओसरीवर उभी असताना कळली. सांगणारा गणोजी, आमच्या देवासच्या घरचा जुना गडी. त्याच्या सुनेचं माहेर धारचं. ती बाळंतपणाला आली होती आणि मूल आडवं आलं म्हणून तिला आमच्याकडे आणलं होतं. दोन तास झगडून मूल सरळ केलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप. ते सांगायला मी हात पुसत बाहेर आले, तर खांबाला टेकून बसलेला एक म्हातारा उठला, माझ्याकडे बघत राहिला आणि होता तिथेच मटकन खाली बसला. मी आधी ओळखलंच नाही. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या. मग तो "ताईसाहेब" म्हणाला आणि मला एकदम आमच्या अंगणातला शेणाचा वास आला. "तुम्ही तो... तुम्हांला तो आम्ही..." तो पुटपुटला. "पोचवलंत," मी म्हणाले, "माहीत आहे मला. नात झाली तुला, गणोजी. तिच्याकडे बघ आधी." पण तो नातीकडे बघेना. तो माझ्या पायांकडे बघत होता. भुताचे पाय उलटे असतात म्हणतात, त्याची खात्री करून घेत असावा. घ्यावी बापड्याने. माझे पाय सरळ आहेत, फक्त दिवसभर उभं राहून सुजलेले असतात.

गणोजीच्या घाबरण्याला कारण होतं. बारा वर्षांपूर्वी मी ख्रिस्ती झाले तेव्हा देवासला माझ्या नावाने घडा फोडला होता. जातीतून गेलेलं माणूस जिवंत असलं तरी त्याचं क्रियाकर्म उरकून टाकायचं, ही आमच्याकडची रीत. पाण्याने भरलेला घडा ठेवायचा, घरच्या नोकराने दक्षिणेकडे तोंड करून तो लाथेने लवंडायचा, आणि भाऊबंदांनी म्हणायचं, आजपासून हिला आमचं पाणी नाही. मग आंघोळ करून घरी यायचं. सुतक नाही, काही नाही. माझा घडा गणोजीने लवंडला होता. दादाने, म्हणजे माझा थोरला भाऊ बळवंतराव, त्याने हुकूम केला आणि गणोजीने मान खाली घालून लाथ मारली. तेव्हापासून घरात कोणी माझं नाव घेत नसे, आणि बारा वर्षं ज्याचं नाव निघत नाही ते माणूस गेलेलंच, असं गणोजीलाही वाटू लागलं होतं. त्याचं काही चुकलं नाही. मलाही कधी कधी आईचा चेहरा आठवायला डोळे मिटून बसावं लागे.

पण घडा फोडल्यावर श्राद्ध नसतं. तो सगळा हिशेब तिथेच मिटतो. मग ही खीर कुठून आली? गणोजी पाणी प्याला, नातीला बघून आला, आणि मग हळूहळू सांगू लागला. "आईसाहेबांना आता याद नाही राहत, ताईसाहेब. तीन साल झाले, न्हाणीघरात पडल्या तब से. म्हणतात दुर्गी तापात गेली. कोण काय बोलणार? मग पितरपाटात त्यांनी हट्ट धरला, दुर्गीचं पान वाढा. दादासाहेब पहले नाही म्हणाले. आईसाहेबांनी जेवण सोडलं. दो दिन पाणी बी नाही. तब से दर साल होतं. दादासाहेब सोता पिंड देतात. वेलची आईसाहेब अपने हाताने टाकतात, म्हणतात दुर्गीला आवडते." मी विचारलं, "आणि कावळा?" गणोजी गंभीरपणे म्हणाला, "कावळ्याचं तो काय सांगू. पान ठेवायची देर, झडप मारके नेतो." मला हसू फुटलं. घडा फोडणारा माझा कडक भाऊ दर वर्षी जिवंत बहिणीला पिंड देतो आणि कावळा एवढ्या घाईने येतो, म्हणजे माझी या घरात काहीच वासना राहिलेली नाही असा सगळ्यांचा समज! "हसू नका हो," गणोजी म्हणाला. "आईसाहेब आता खाटेवर आहेत. अन्न जात नाही. पण डरत नाहीत बिलकुल. रोज विचारतात, दुर्गी आली का न्यायला. म्हणतात, तिने माझी जागा धरून ठेवली असेल. इतक्या खुशीने मरताना मी कोणाला नाही पाहिलं."

तो गेला आणि मी औषधांच्या कपाटापाशी येऊन उभी राहिले. काचेत माझा चेहरा दिसत होता आणि मी तो परक्या बाईचा असावा तसा बघत होते. आई मला भेटायला निघाली होती आणि मी तिथे नव्हते. मी इथे धारला होते, आयोडिनच्या वासात, उद्याच्या पट्ट्या उकळायच्या राहिल्या म्हणून मनात चरफडत. ती जाईल, दार ठोठावील, आणि तिला ओळखणारं तिथे कोणी नसेल. हे झालं एक. दुसरं मी स्वतःशीसुद्धा नीट बोलायला धजत नव्हते. पुढे कधीतरी माझी वेळ येईल आणि मी जाईन, तेव्हा ती तिथे असेल का? मी जाणार याची मला शंका नव्हती, आजही नाही. पण आई? तिचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. तिने येशूचं नाव ऐकलं असेल ते फक्त शिवी म्हणून, माझ्यामुळे.

मी भित्र्या विश्वासाची बाई नाही, हे आधी सांगून टाकते. आमच्या दवाखान्यात माणसं मरतात आणि त्यांच्याजवळ बसायचं काम बहुधा माझ्याकडे येतं, कारण मी रडत नाही आणि गप्पही बसत नाही. मला आत्म्याचं फारसं कौतुक नाही. आत्मा अमर आहे हे आमच्याकडे भटजीसुद्धा सांगत. त्याने कोणाचं रडणं थांबलेलं मी पाहिलं नाही. मला ओढून घेतलं ते दुसऱ्या गोष्टीने. माणूस उठतं, हातापायांसकट, नावाने हाक मारता येईल असं उठतं, आणि ज्याच्या हातांवर खिळ्यांच्या खुणा आहेत तो सगळ्यांच्या आधी उठला आहे. मला माणसं हातापायांसकटच हवी असतात. संवत छप्पनच्या दुष्काळात गंधवानीकडून एक भिल्लीण चालत आली होती. अंगावर मांस असं नव्हतंच. ती मरताना मी तिला नुकतंच शिकलेलं मोठं मोठं सांगत होते, तेज, शांती, महिमा. तिने ऐकून घेतलं आणि विचारलं, "तिथे मका आहे?" मी तेव्हा नवी होते, मला वाटलं हे काही बरोबर नाही, तिला समजावून सांगावं की तिथे भूकच नसते. पण तिचे डोळे बघून मी म्हणाले, "आहे. भाजलेला." ती हसली. तिचे दात फार सुंदर होते. तेव्हापासून मी महिमा वगैरे सांगत नाही, जे माणूस विचारील तेवढंच सांगते, आणि सांगताना माझा आवाज कापत नाही. आता मात्र स्वतःच्या आईच्या बाबतीत माझी जीभ टाळ्याला चिकटली होती.

आमचे पाळक यशवंतराव नगरकडचे. फार सावध माणूस. दोन शब्दांत काम होत असेल तर तिसरा खर्च करायचे नाहीत. मी त्यांच्याकडे गेले आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जा तुम्ही, दुर्गाबाई. पण मेलेली म्हणून जाऊ नका." मी म्हणाले, "जिवंत म्हणून गेले तर तिचा आधार जातो. एवढ्या एका गोष्टीवर ती निवांत पडली आहे." ते म्हणाले, "खोट्याचा आधार." मी चिडले. "मग खरं काय ते सांगा. तिला तिथे जागा आहे की नाही?" त्यांनी चष्मा काढला, उपरण्याने पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. "जे मला सांगितलेलं आहे ते मी सांगतो," ते म्हणाले, "विश्वासणाऱ्याचं काय होतं ते मला ठाऊक आहे. तुमच्या आईचं काय, ते मला सांगितलेलं नाही. ज्याचं त्याला विचारा." मला त्यांचा राग आला. घरी येऊन फडताळातली भांडी उगाच घासत बसले. पण घासता घासता वाटलं, हा माणूस खोटं बोलू शकला असता. हो म्हणाला असता तर मी खूश झाले असते, नाही म्हणाला असता तर मी त्याच्याशी भांडले असते. त्याने दोन्ही केलं नाही. सकाळी मी रजा मागितली आणि टपालाच्या टांग्यात बसले.

धारहून महूपर्यंत टांगा, महूहून इंदूरला आगगाडी, इंदूरहून पुन्हा टांगा. दोन दिवस माझी हाडं खिळखिळी होत होती. टांगेवाला वाटेत भेटेल त्याला ओरडत होता, "अरे भिया, जरा बाजू नी सरको!" आणि मी आतल्या आत भांडत होते, कोणाशी ते काय सांगायचं. मी म्हणत होते, तू मला माझ्या माणसांतून उचललंस, मी आले. घडा फुटला तरी मी मागे वळून बघितलं नाही. पण तू एक माणूस उचलतोस तेव्हा त्याला चिकटलेली बाकीची तुला दिसत नाहीत का? क्षिप्रा ओलांडली. मग माळावर चामुंडेची टेकडी दिसू लागली, म्हणजे देवास आलं. देवासला दोन राजे. एका रस्त्याच्या एका बाजूला थोरल्या पातीचं राज्य, दुसऱ्या बाजूला धाकट्या पातीचं. माझे वडील थोरल्या पातीच्या दप्तरात होते, घर थोरल्या पातीत आणि आमची विहीर समोर, धाकट्या पातीत. आई सकाळी कळशी घेऊन निघायची तेव्हा वडील म्हणायचे, "परराज्यात निघालात का? लवकर परत या." आई पदराआड हसायची. मी उंबऱ्यात बसून तिला रस्ता ओलांडताना बघायची. पलीकडे गेली तरी ती दिसत असायची, वाकलेली, दोर ओढणारी, तीच आई. टांग्यात हे आठवलं आणि मला एकाएकी फार बरं वाटलं, का ते तेव्हा कळलं नाही.

दुपार होती. मी मागच्या दाराने गेले, कारण पुढच्या दाराने जाण्याइतकी मी अजून मूर्ख झालेली नाही. अक्का तिथेच उभी होती, मी येणारच, असं गणोजीने परतल्यावर तिला सांगून ठेवलं होतं. अक्का माझी थोरली बहीण, तीही माझ्यासारखी विधवा, माहेरी राहून आईचं करते. तांबडं लुगडं, डोक्यावरून घट्ट पदर, चेहरा वाळून गेलेला. बारा वर्षांनी भेटलेल्या बहिणी गळ्यात पडतात म्हणे. अक्का चार पावलं मागे सरली आणि म्हणाली, "कशाला शिवू नकोस. गोठ्याच्या बाजूने ये. दादा सोनकच्छला गेलाय जमिनीच्या कामाला, संध्याकाळपर्यंत यायचा नाही. त्याच्या आत जा." तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून शिंक आली. मग दुसरी. मग थोडं थांबून तिसरी. दादाला तपकिरीची सवय होती आणि तो नेहमी तीनच शिंका द्यायचा. मी अक्काकडे बघितलं. अक्का भिंतीकडे बघत म्हणाली, "मांजर आहे." "बरंच मोठं झालंय मांजर, तपकीर ओढतंय म्हणजे," मी म्हणाले. अक्काच्या ओठाचा कोपरा क्षणभर हलला, पण तिने लगेच तो आवरला. दादा घरात नव्हता. घरात नसल्यामुळे त्याला मी आलेली कळणार नव्हती, आणि कळली नसल्यामुळे त्याला प्रायश्चित्त घ्यावं लागणार नव्हतं. माझ्या मनात बारा वर्षं त्याच्यासाठी जे काही साठलं होतं त्यातलं बरंचसं त्या तीन शिंकांनी गेलं.

आईच्या खोलीच्या दारात अक्काने मला अडवलं. शिवली नाही, नुसता हात आडवा धरला. "एक ऐक, दुर्गे. तिला काही सांगू नकोस. तिच्या लेखी तू गेलेली आहेस, तशीच बस तिच्याजवळ. मरू दे तिला सुखाने. तू मेलेलीच बरी आहेस." मी म्हणाले, "मी खोटं बोलायला आले नाही, अक्का." त्यावर अक्का जे बोलली ते इतक्या हळू आवाजात की मला पुढे वाकावं लागलं. "तुला काय गं? तू तुझं खरं बोलशील आणि टांग्यात बसून धारला जाशील. मग ती रडत बसेल ते कोण ऐकेल? तीन वर्षं तिचं हगणंमुतणं मी काढते. मरणाची भीती तिला वाटत नाही, हे एवढंच सुख आहे या घरात. तेही नेणार आहेस?" तिचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि माझं म्हणणं त्याने खोटं होत नव्हतं. मी तिच्या हाताखालून वाकून आत गेले.

आई खाटेवर एवढीशी झाली होती. खिडकीतून ऊन आत आलं होतं आणि तिच्या बोडक्या डोक्यावरचे पांढरे खुंट चमकत होते. तिने मान वळवली. डोळ्यांत मोतीबिंदूचा सारा पडला होता, तरी म्हणाली, "आलीस? किती गं उशीर." मी खाली बसले आणि तिचा हात हातात घेतला. बारा वर्षांत मला आमच्या घरच्या कोणी हात लावलेला नव्हता. तिचा हात कोरडा आणि गरम होता. तो माझ्या मनगटावरून खांद्यावर आला, मानेवर आला, आणि मग डोक्यावर जाऊन थांबला. पदर बाजूला सारून तिने चाचपलं. अंबाडा होता माझा, जाड, अर्धा पांढरा झालेला. तिची बोटं त्यात अडकली. "केस," ती म्हणाली. मी तेरा वर्षांची होते तेव्हा मला धारच्या सासरहून विधवा म्हणून परत आणलं. मागच्या अंगणात न्हाव्याने वस्तरा परजला, आणि मी हलू नये, वस्तरा लागू नये, म्हणून आईने माझं डोकं आपल्या दोन्ही हातांनी घट्ट धरलं होतं. तिची बोटं कापत होती ते माझ्या कवटीला कळत होतं. तेव्हा मी तिला मनातल्या मनात फार वाईट बोलले होते. तीच बोटं आता केसांतून फिरत होती. "तिथे आले होय केस? सगळे परत आले?" तिने विचारलं. तिचा चेहरा उजळला.

आणि मग तिने एकामागून एक विचारायला सुरुवात केली. परमुलखात नांदायला गेलेली लेक पहिल्या सणाला आली की आई विचारते, तसं. "सोवळं असतं का गं तिथे?" "नाही, आई." "मग स्वयंपाक कोणाच्या हातचा?" "कोणाच्याही." "आणि चालतो सगळ्यांना?" "चालतो." "बायका मागून जेवतात?" "नाही, सगळी एकदम बसतात. एकच पंगत." आई थोडी हसली. "मग तुझ्या दादाची पंचाईत आहे," ती म्हणाली. बाहेरच्या खोलीत जमिनीवर काहीतरी सरकल्याचा आवाज झाला. मी जे सांगत होते ते मला खरं वाटत होतं. त्यातलं पुष्कळसं तर मी धारच्या आमच्या आवारातच रोज बघते, आणि तिथे याहून कमी असेल असं मला मुळीच वाटत नाही. पण ती मला तिथून आलेली समजून विचारत होती, आणि मी तिला तसं समजू देत होते. हे मला सोसेना. मी तिचा हात घट्ट धरला. "आई, ऐक. मी मेले नाही. मी जिवंत आहे." अक्का दारात होती, तिने तोंडावर पदर दाबला. आई म्हणाली, "हो, जिवंतच की. तिथे मेलेलं माणूस कोण ठेवून घेईल? मेलेलं सगळं इथे जाळून टाकतात."

इथे थांबता आलं असतं. अक्का मला खूण करत होती, पुरे, आता पुरे. मी खरं बोलले होते. यशवंतरावांना तोंड दाखवता आलं असतं. आईचंही काही गेलं नव्हतं. उलट माझ्या विश्वासाचं सार, जे मी वर्षानुवर्षं लोकांना घसा कोरडा करून सांगते, ते तिने मला दोन वाक्यांत सांगून टाकलं होतं. पण मला माझी खोड माहीत आहे. मी इतक्या लांब आले होते ते तिला खरं सांगायला, हे अर्धंच खरं. मला त्या घरात एकदा, एका माणसाच्या तोंडून, जिवंत म्हणवून घ्यायचं होतं. या मातीतली, या टांग्यातून आलेली, सुजल्या पायांची जिवंत. मी म्हणाले, "तसं नाही, आई. मी धारला असते. दवाखान्यात. मी ख्रिस्ती झाले, आठवतं? तेव्हा तुम्ही सगळ्यांनी..." आईचा हात माझ्या हातात थंड पडत गेला. डोळे छताकडे गेले. मग अगदी वेगळ्या, जुन्या आवाजात म्हणाली, "घडा फोडला होता. मी आत होते, कोठीच्या खोलीत. लवंडल्याचा आवाज ऐकला मी." "हो," मी म्हणाले. "म्हणजे तू इथेच होतीस." "हो, आई." ती माझ्याकडे वळली. सारा पडलेल्या त्या डोळ्यांत मी जन्मात पाहिली नाही अशी भीती आली होती. "मग तिथे कोण आहे माझं?" ती म्हणाली.

अक्का भिंतीला टेकून खाली बसली. हेच ती म्हणाली होती, हेच झालं होतं, आणि मीच केलं होतं. मला वाटलं आपण उठावं आणि मागच्या दाराने पळून जावं. पुढचं आधीच सांगते: आई त्यानंतर नवव्या दिवशी गेली. गणोजी नातीला बघायला धारला आला तेव्हा अक्काने त्याच्या तोंडी निरोप धाडला, की आई शेवटपर्यंत शांत होती, एकदाही रडली नाही, दाराकडे बघत वाट पाहायची. दुर्गीची नव्हे, असं अक्काने मुद्दाम सांगायला सांगितलं होतं. कोणाची, ते तिने सांगितलं नाही. तिच्या तोंडून ते नाव निघणं शक्यच नव्हतं. पण त्या दुपारी मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. आईची भीती समोर होती आणि माझ्याजवळ तिला द्यायला सबब नव्हती, शास्त्र नव्हतं, यशवंतरावांचं उत्तरही नव्हतं. जे होतं तेच मी बोलले.

"मी नाही तिथे," मी म्हणाले, "पण जागा धरलेली आहे. मी धरली नव्हती कधीच. माझीसुद्धा दुसऱ्यानेच धरली आहे."

"कोणी?"

"येशूने."

मला वाटलं ती हात काढून घेईल. तिने नाव तोंडात घोळवल्यासारखं केलं. "तो मडमांचा?"

"मडमांचा नाही. तो मेला होता, आई. त्यालाही त्याच्या माणसांनीच गावाबाहेर काढला होता, त्याच्या आईच्या डोळ्यांदेखत. मग तो उठला. तो तिथे असतो. दारातच असतो."

आई विचार करत होती. ती विचार करू लागली की तिच्या कपाळावर मधोमध एक उभी आठी पडायची, ती अजून पडत होती. "त्याची आई होती तिथे?" तिने विचारलं.

"होती. उभी होती."

"आतल्या खोलीत नव्हती बसली?"

"नाही."

तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळलं. मी ते पदराने टिपलं. ती बाजूला झाली नाही. खूप वेळाने तिने पुन्हा माझ्या केसांना हात लावला, आता काही शोधण्यासाठी नव्हे, नुसताच. "त्याला मी कशी ओळखू येणार?" ती म्हणाली. "मी त्याचं काही केलं नाही. नावसुद्धा घेतलं नाही कधी. त्याला तू तरी सांगून ठेव बाई. म्हणावं, ही दुर्गीची आई."

"सांगितलंय," मी म्हणाले. "बारा वर्षं रोज सांगते आहे."